तोंडी परीक्षा

शाळा आणि डी.एड. दोन्ही मामाकडे, चंदगडला, हद्दीपलीकडे.
नोकरी हद्दीच्या अलीकडे, आमच्याच गावी.
प्रमाणपत्राला अजून लॅमिनेशनचा वास येत होता
तोवर गटशिक्षण कार्यालयातून पत्र आलं:
शाळा मराठी, वर्ग पहिलीचा,
तरी बाईंनी दोन वर्षांत कन्नड उत्तीर्ण व्हावं,
नाहीतर पगारवाढ थांबेल.
खाली शिक्का. तो वाचता येईना,
म्हणून पत्र किती गंभीर आहे ते शिपायाला विचारलं.

अप्पांनी पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.
सीमाप्रश्नात अकरा दिवस हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आलेला माणूस.
पाटीला डांबर फासतानाचा डाग एका सदऱ्यावर अजून आहे,
तो सदरा फडक्याला घ्यायचा नाही, असा घरात नियम.
शनिवारी बाजारातून आले.
पिशवीत मिरच्यांच्या खाली
वर्तमानपत्रात गुंडाळलेली कन्नड अंकलिपी.
म्हणाले, "शिकायलीस तर नीट शीक की. अर्धंमुर्धं नको."
तेव्हा आठवलं,
बैलाचा जबडा उघडून दात मोजताना
अप्पा व्यापाऱ्याशी कानडीतच भांडायचे.
हसायचेही कानडीतच.

होसमनी बाई संध्याकाळी शिकवतात, लसूण सोलत.
म्हणतात, तुमची अक्षरं एका दोरीवर वाळत घातलेली,
आमच्यात ज्याच्या त्याच्या डोक्याला वेगळा रुमाल.
मी रुमाल बांधायला शिकले.
मने म्हणजे घर. मळे म्हणजे पाऊस.
हालु म्हणजे दूध, आणि ऊरु म्हणजे गाव.
हे शेवटचं वहीत लिहिलं नाही,
तरी राहिलं.

जमेना तो ए.
त्यांच्याकडे ए दोन, एक आखूड, एक लांब.
आमच्याकडे एकच, सगळ्या कामाला तोच,
घरात एकच छत्री असावी तसा.
आखूड बेळे म्हणजे पीक,
लांब बेळे म्हणजे डाळ.
बाई म्हणायच्या, मी म्हणायचे, बाई पुन्हा म्हणायच्या,
गड्डीच्या गड्डी सोलून व्हायची.
"तुझं बेळगावसुद्धा लांब आहे," एकदा त्या म्हणाल्या.
"आमचं आखूड."
त्यानंतर बराच वेळ
नुसत्या पाकळ्या ताटात पडत होत्या.

वैजयंता नागोजी गुंजीकर, बैठक क्रमांक सदतीस.
बाकावर शेजारी हल्याळचा एक मास्तर
डोळे मिटून महिन्यांची नावं पुटपुटत होता.
आत तिघं. मधल्या साहेबांचा चष्मा कपाळावर:
निम्म ऊरु यावुदु?

इथे ऊर भरून आला असं लिहिणं सोपं होतं.
तसं काही झालं नाही. घाम आला.
गावाचं नाव सांगितलं, नदी सांगितली,
वर्गातली एकवीस मुलं, गळकं छप्पर,
आणि शेवटी जरा तोऱ्यातच सांगितलं
की आमच्याकडे बेळे फार छान येते.
डावीकडच्या बाईंनी तोंडाला पदर लावला.
साहेबांनी चष्मा खाली घेतला
आणि विचारलं मराठीत, अगदी स्वच्छ मराठीत,
"शिजवलेली की कच्ची?"

तीन गुणांनी गेले.
घरी येऊन सांगितलं, अप्पा, डाळ शिजली नाही.
मग सगळं सांगितलं.
त्यांना ते दोन्ही बाजूंनी कळलं,
इतके हसले की खोकला लागला,
आई आतून पाणी घेऊन धावली, काय झालं, काय झालं करत,
आणि तिला समजावून सांगता येईना.

पुन्हा डिसेंबरात बसायचंय.
होसमनी बाईंनी फी घेतली नाही, लसूण दिला.

परवा फळ्यावर "पीक" लिहीत होते.
हात कुठल्या नादात होता कोण जाणे,
प आणि क दोघांच्या डोक्याला वेगवेगळे रुमाल.
मागच्या रांगेतून शेवंता मोरबाळे ओरडली,
"बाई, रेघ राहिली!"